सरासरी पगार आणि मामांचे गुडघे

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार माझ्या मामांचे. घराण्यातला पहिला पदवीधर मी, आणि त्या पदवीचे जामीनदार ते. मामा बनारसला दूधविनायक मोहल्ल्यात राहतात आणि गंगेच्या रामघाटावर यजमानांची श्राद्धं, तर्पणं चालवतात. माझे वडील रेल्वेत ट्रॅकमन. त्यांच्या बदलीच्या लहानशा गावी, हिंदी शाळेत बारावी करून मी मामांकडे आलो आणि एका खासगी विद्यापीठात अर्थशास्त्राला नाव घातलं. तिथल्या माहितीपुस्तकात पदवीधरांच्या सरासरी पगाराचा आकडा कॅलेंडरावरच्या देवाएवढा मोठा छापला होता. आम्ही तो तितक्याच भक्तिभावाने वाचला.

कर्जासाठी बँकेत गेलो. मॅनेजरांनी विचारलं, "पंडितजी, इनकम का प्रूफ?"

"यजमान श्रद्धा से देता है," मामा म्हणाले. "श्रद्धा की स्लिप कौन देगा, साहब?"

स्लिप नाही, म्हणून मॅनेजरांनी मामांची मुदतठेव तारण घेतली. ती त्यांनी गुडघ्यांच्या ऑपरेशनसाठी ठेवली होती. जन्मभर घाटाच्या पायऱ्या चढून उतरून त्यांचे गुडघे गेलेत. ठेव अडकली, तिच्याबरोबर गुडघेही अडकले.

शिक्षण चालू असेपर्यंत हप्ता नाही, असं कागदावर लिहिलं होतं. मामांनी मामींना समजावलं, "हे चातुर्मासासारखं आहे. देव झोपलेले असले की लग्नकार्यं बंद. तसं हे कर्ज शिक्षण संपेपर्यंत झोपलेलं."

मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी. शेजारी बसून मान डोलावली. शेवटच्या वर्षी बँकेचा कागद आला तेव्हा कळलं की फक्त हप्ता झोपला होता, व्याज रोज पहाटे उठून कामाला लागत होतं.

मामी म्हणाल्या, "तुमचे देव तरी नक्की झोपतात ना? एकदा विचारून घ्या."

त्याच सुमारास सरांनी आम्हाला प्रकल्प दिला: स्वतःच्या पदवीचा खर्च आणि तिच्यातून होणारी कमाई यांचा ताळेबंद मांडा. वर्गात बाकीच्यांनी माहितीपुस्तकातला आकडा घेतला आणि संध्याकाळी चहाला गेले. मी मात्र आधीच्या तुकडीतल्या एकेकाला फोन केला. एक जण कोचिंगमध्ये शिकवत होता, एक वडिलांच्या साडीच्या दुकानात गादीवर बसत होता, बरेच जण स्पर्धा परीक्षांची "तैयारी कर रहे हैं" म्हणाले. मी सगळ्यांची सरासरी काढली. माझ्या हिशेबाने कर्ज फिटायला इतका काळ लागत होता की तोवर मामांना काठीही पुरली नसती.

सरांनी माझी वही बघितली. "तू ज्यांना नोकरी नाही त्यांनाही धरलंस?"

"हो सर. तेही आपलेच ना."

"बेटा, सरासरी काढताना इतकं मोठं मन ठेवायचं नसतं," सर म्हणाले आणि गुण कापले.

मग विद्यापीठाच्या सल्लागार मॅडमनी बोलावलं. त्यांचं म्हणणं, एम.ए. कर. "एम.ए. झालं की हे कर्ज तुला छोटं वाटेल."

"ते कसं?"

"दुसरं मोठं असेल ना!"

गंमत म्हणजे मामांना हे पटलं. नागपूरच्या कुणा यजमानानेही त्यांना सांगितलं होतं की खरा पैसा एम.ए.नंतरच. "मी अजून एक सही करतो," ते म्हणाले. "दोन वर्षांत गुडघे काय पळून जातायत?"

"पळता आलं असतं तर ऑपरेशन कशाला हवं होतं?" स्वयंपाकघरातून मामी म्हणाल्या.

लखनौच्या एका गोदामात मालाचा हिशेब ठेवायची नोकरी होती, तिथे मुलाखत देऊन आलो आणि रुजू झालो. मामा फोनवर एवढंच विचारायचे, "एम.ए.चा फॉर्म भरलास?" पुढचं ऐकायच्या आत यजमान आला म्हणून फोन ठेवायचे. म्हणून शेवटी पत्र पाठवलं.

तीर्थस्वरूप मामांस,
साष्टांग नमस्कार.

एम.ए.चा फॉर्म भरलेला नाही आणि यंदा भरणारही नाही. तुमची दुसरी सही मला नको. पहिलीचेच उपकार मोठे आहेत. पगार माहितीपुस्तकातल्यापेक्षा फारच कमी आहे, पण दर महिन्याला येतो आणि त्यातून हप्ता जातो. अर्थशास्त्र वाया गेलेलं नाही. इथे गोदामात साहेबांनी सांगितलेला आकडा मी दोनदा तपासतो, त्यामुळे ते माझ्यावर थोडे नाराज असतात.

बँकेच्या इथल्या शाखेत जाऊन आलो. वर्षभर हप्ते वेळेवर गेले तर ठेव मोकळी करण्याची शिफारस करतो, असं इथले मॅनेजर म्हणाले. तुमच्या सहीचा अर्ज लागेल. तो सोबत पाठवतोय, एवढी एकच सही करा. डॉक्टरांना मात्र आत्ताच दाखवून ठेवा. तोवर तर्पण सोडून बाकीचे विधी घरी करा आणि यजमानांना पायऱ्या चढून वर बोलवा. त्यांचे गुडघे चांगले असतात.

मामींना नमस्कार.

आपला भाचा