दोन हजार अडतीसचा रिलिव्हर

मुखरूभाऊ मोहुर्ले माझ्या दुकानात पहिल्यांदा आले ते भांडायलाच. चंद्रपुरात तुकूमला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. दारातूनच म्हणाले, "प्रफुल, लोकायले जुने डबे विकून राह्यला, पन अडतीस साली ते मागं जातीन, हे सांगतं का कोनाले?"

मी म्हटलं, "भाऊ, अडतीस साली ते डबे भंगारात राह्यतीन."

"अन् नाई राह्यले तं?"

गोष्ट खोटी नव्हती, म्हणूनच मला राग आला. जुने कॉम्प्युटर तारीख पाठ करत नाहीत, १९७० च्या एक जानेवारीपासूनचे सेकंद मोजत बसतात. त्या मोजणीला जागा ठरावीक. १९ जानेवारी २०३८ ला, आपल्याकडे सकाळी आठ वाजून चव्वेचाळीस मिनिटं सात सेकंद झाले की जागा संपते आणि पुढच्याच सेकंदाला घड्याळ डिसेंबर १९०१ मध्ये जाऊन पडतं. नव्या मशीनला हा त्रास नाही. पण तुकूममध्ये घरोघरी जुनीच मशीन, आणि मुखरूभाऊंकडे वेळच वेळ. ते हातात वही घेऊन घरं हिंडायचे, प्रत्येक कॉम्प्युटरची परीक्षा घ्यायचे आणि नापास झालेल्यांचे मालक माझ्याकडे तणतणत यायचे. दोन महिने या माणसानं माझं डोकं खाल्लं.

ऊर्जानगरच्या वीज केंद्रात कंट्रोल रूममध्ये त्यांची चौतीस वर्षं गेली होती. तिथले दोन नियम त्यांनी घरी आणले होते. पहिला लाल चिठ्ठीचा. ज्या मशीनवर काम चालू आहे तिला लाल चिठ्ठी बांधायची, त्यावर आपलं नाव लिहायचं, आणि ती चिठ्ठी ज्यानं बांधली त्यानंच सोडायची. साहेब आला तरी त्यानं हात लावायचा नाही. दुसरा नियम रिलिव्हरचा. पुढच्या पाळीचा माणूस येऊन वहीत सही करत नाही तोवर खुर्ची सोडायची नाही. एका दिवाळीला रिलिव्हरची गाडी रस्त्यात बंद पडली, तर भाऊ सोळा तास बसून होते म्हणे. भागीरथाबाई, म्हणजे त्यांच्या घरच्या, हे अजून चिडून सांगतात.

त्यांना अडतीस सालाची एवढी काळजी का, हे मला त्यांच्या घरी गेल्यावर कळलं. अंगणातल्या कडुलिंबाला त्यांनी तापमान मोजणारी तार बांधली होती. ती खिडकीतून आत कॉम्प्युटरला. २००६ पासून रोज दुपारी अडीचला त्यात नोंद व्हायची, आणि एकाही दिवसाचा खाडा नव्हता. कंट्रोल रूमच्या सवयीनं शेजारी काचेचं थर्मामीटरही टांगलं होतं, कारण एका मीटरवर त्यांचा विश्वास नाही. चंद्रपूरचं ऊन दरवर्षी सगळ्यांना जास्तच वाटतं. मुखरूभाऊ मात्र म्हणायचे, "थांब, पाहून सांगतो."

मी म्हटलं, "नवी सिस्टीम टाकून देतो. अर्ध्या तासाचं काम हाये."

"टाकजो. पन आधी बिघाड पाहू. पाह्यल्याबिगर दुरुस्ती कराची नाई." मग वही पुढं केली. एका कोऱ्या पानावर तारीख होती १९ जानेवारी २०३८. खाली 'ड्यूटीवर : मु. मोहुर्ले' आणि 'रिलिव्हर' पुढं मोकळी जागा. "त्या दिवशी मी एक्क्याऐंशीचा. असीन, नसीन. तू करतं का सही?"

मी हसलो. नागपूरची त्यांची लेक रंजीता, तिला विचारलं तेव्हा तीही फोनवर हसली होती. त्यांनी वही मिटली आणि विषय बदलला.

मेमधल्या एका सकाळी त्यांनी मला ट्रायलला बोलावलं. खरी वेळ आठ चाळीसचीच होती, तारीख फक्त अडतीसची टाकली. कबूल करतो, शेवटच्या मिनिटाला मीही श्वास धरून बसलो होतो. सात सेकंद झाले आणि पडद्यावर १९०१ आलं. मुखरूभाऊ टाळी वाजवून ओरडले, "गेलं पाह्य! माहा बाप बी जन्मला नोता!" लाल चिठ्ठी बांधली, नाव लिहिलं, आणि म्हणाले, चहा घेऊन तारीख परत लावू.

चहाचा कप हातातच राहिला. छातीत कळ आली. मी आणि भागीरथाबाईंनी त्यांना ऑटोत घालून दवाखान्यात नेलं. दुपारच्या आत रंजीता नागपूरहून येऊन पोचली.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो, तारीख ठीक करून येऊ म्हणून. भागीरथाबाई दवाखान्याचा डबा करायला आल्या होत्या. मी चिठ्ठीला हात घालताच त्या आडव्या आल्या. "हात लावू नोको. ज्यानं बांधली तोच सोडीन."

"अवो बाई, नोंद बिघडून राह्यली!"

"बिघडू दे. ते येतीन, अन् तेच सोडतीन."

मी फणफणत निघून आलो. एकोणीस वर्षांची नोंद एका चिठ्ठीपायी जाते, याचं मला खरंच वाईट वाटत होतं.

बाराव्या दिवशी ते घरी आले. रंजीता गादी घालत होती, पण ते तडक कॉम्प्युटरपुढं जाऊन बसले. आत अकरा नोंदी होत्या, सगळ्या डिसेंबर १९०१ च्या. त्यातही घड्याळ सहा-साडेसहा तास मागं पडलेलं, त्यामुळं अडीचची नोंद रात्री नऊच्या सुमाराला झालेली. म्हणजे त्या कशाच्याच कामाच्या नव्हत्या. मुखरूभाऊ हळू आवाजात म्हणाले, "खाडा पडला."

भागीरथाबाईंनी रंजीताची शाळेतली जुनी वही आणून त्यांच्यापुढं ठेवली. वाकड्यातिकड्या अक्षरात अकरा ओळी होत्या. तारीख, अडीच वाजता, काचेच्या थर्मामीटरवरचा आकडा आणि पुढं सही. रोज डबा करायला त्या घरी येत, रंजीता दवाखान्यात बसे. अडीचला कडुलिंबाखाली उभं राहून आकडा लिहिल्यावरच त्या डबा घेऊन निघत. चव्वेचाळीस, साडेचव्वेचाळीस, सेहेचाळीस. मला मेल्यासारखं झालं.

मुखरूभाऊंनी एकेका ओळीवरून बोट फिरवलं. "तुले कोनं सांगतलं होतं?"

"सांगाले कायले पायजे? तुमी गेलते. खुर्ची खाली होती."

त्यांनी आपली वही उघडली, ते कोरं पान काढलं आणि पेन बाईंच्या हातात दिलं. "मी साऱ्यायले इचारलं. तुले इचाराचंच राह्यलं."

बाईंनी 'रिलिव्हर' पुढं सावकाश नाव लिहिलं, भागीरथा मुखरू मोहुर्ले. मुखरूभाऊंनी स्वतःच्या हातानं लाल चिठ्ठी सोडली. मग खुर्चीचा हात धरून उठले, आणि रंजीतानं घातलेल्या गादीवर जाऊन निजले.

भागीरथाबाई खुर्चीत बसल्या, पदरानं चष्मा पुसला आणि माझ्याकडं वळून म्हणाल्या, "हं प्रफुल, आता सांग. तारीख कुठून बदलवाची?"