रस्त्याखालच्या मोरीतली पत्रकं

छायावर अन्याय मी केला. तीन वर्षांपूर्वीच्या नवरात्रात, पंचमीला, दुपारी दोनच्या सुमारास, आमगावच्या अलीकडे. हे कोणालाच सांगितलेलं नाही — आईला नाही, छायाला तर नाहीच. दुसऱ्यांच्या चुका ठळक अक्षरांत छापून वाटायची मला सवय. स्वतःची लिहायला बसले, तर तीन कागद फाडून झाले.

मुर्रीहून डोंगरगडच्या देवीला पायी जाणारा मुलींचा जत्था त्या वर्षी पहिल्यांदा निघाला. कल्पना छायाची. घरोघरी भांडून तो काढला. "पोरी एकट्या कशा जातील?" — एकट्या? अकरा जणी होतो! वर सोबतीला प्रमिलाकाकू, ज्यांनी ही वाट कितीदा तुडवली याची त्यांनाच मोजदाद नाही. पुढच्या वर्षापासून आमच्यातलीच एक प्रमुख होणार, असंही ठरलं होतं. छायाला ते हवं होतं, आणि ती लपवत नव्हती. "मले झेंडा घेऊन पुढं चालायचं आहे," ती सरळ म्हणायची. किती मुली असं सरळ म्हणतात?

आणि दिवस काय होता तो! दोन्ही बाजूंना धान, लोंब्या नुकत्या भरायला लागलेल्या. कुंदा देवीचं जसगीत म्हणता म्हणता मधेच प्रमिलाकाकूंच्या घोरण्यावर कडवं जोडायची, आणि त्यावर सगळ्यात जोरात टाळ्या काकूच वाजवायच्या. हसून हसून चालणं थांबायचं.

मी मात्र कामावर होते. 'पदयात्रा की कचरायात्रा?' — हे माझं पत्रक. थर्माकोलच्या प्लेटा बंद करा, पळसाच्या पत्रावळी वापरा, रस्त्यावर काही फेकू नका. दोन गठ्ठे घेऊन निघाले होते. एक वाटून संपला, तोवर टाचेला फोड आला. छायाने दुसरा गठ्ठा हातातून ओढून घेतला. "लंगडून राहिली, तरी सोडत नाही! दे इकडं." आणि आपल्या पिशवीत टाकला.

मग तो यात्रेकरूंच्या सेवेचा मंडप. "बैठो बिटिया, पैर इधर दो," म्हणत एक काका प्रत्येकीपुढे मिठाच्या गरम पाण्याचं घमेलं ठेवत होते. बाजूला साबुदाणा वडे वाटणं चालू होतं — कशावर? पहिल्या गठ्ठ्यातल्या माझ्या पत्रकांवर! काका अभिमानाने म्हणाले, "आपने ही तो लिखा है, थर्माकोल बंद!" सगळ्या जणी पोट धरून हसल्या. मीही हसले. आतून पेटले होते. चार वेळा लिहून काढलेला मजकूर, आणि त्यावर तेल.

छाया घमेल्यात पाय सोडून डोळे मिटून बसली होती. पिशवी माझ्या शेजारी. मी तिच्यातून गठ्ठा काढला, मंडपामागे गेले आणि रस्त्याखालच्या मोरीत, पाइपात, कोंबला. का? कारण सांगायला लागले तर ती सबब होईल. कोंबला, एवढंच.

आम्ही निघायच्या तयारीत होतो, तेवढ्यात वरून कोणीतरी मोरीत कालव्याचं पाणी सोडलं असावं. कारण एक म्हातारे शेतकरी धुऱ्यावरून तरातरा आले, हातात ओले कागद, आणि रस्त्यावर उभं राहून त्यांनी मोठ्याने वाचलं — "'रस्त्यावर काही फेकू नका.' म्हून माह्या बांधीत फेकलं का वं?"

मंडप हसला. काकू हसल्या नाहीत. "कागदं कोनापाशी होते?"

सगळ्या छायाकडे वळल्या. तिने पिशवी उघडली. रिकामी. तिने माझ्याकडे पाहिलं — आणि मी म्हटलं, "तुझ्याच पिशवीत होते ना?"

बघा, एकही शब्द खोटा नाही. पत्रकं लिहून लिहून मी हेच तर शिकले होते.

"पडले असतीन वं कुठं. माहीच चूक," छाया म्हणाली, सलवार वर खोचली आणि धानाच्या बांधीत उतरली. तिच्यामागे आम्ही सगळ्या. पुढचा तास — कसं सांगू? — माझ्या आयुष्यातला सगळ्यात मजेचा तास आहे. गुडघाभर चिखल. "धान तुडवू नका! काऊन धावून राहिल्या?" म्हणून ओरडणारे आजोबा, आणि कुंदा सपशेल तोंडावर पडल्यावर हसून धुऱ्यावरच बसलेले तेच आजोबा. शेवटी त्यांनी तळ्यातले ताजे शिंगाडे आणवले. चिखलाच्या हातांनीच सोलून खाल्ले. सगळ्यात जास्त हसत होती छाया. मी तिच्या केसांतला कागद काढून दिला. तेव्हा सांगता आलं नसतं का? एका वाक्याचं काम होतं.

परत आल्यावर पुढच्या वर्षीची प्रमुख ठरवायला देवळाच्या ओट्यावर बैठक बसली. छायाचं नाव निघालं तशा काकू म्हणाल्या, "पोरीले एक गठ्ठा सांभाळता आला नाही, जत्था कशी सांभाळन?" मग माझं नाव निघालं. मी हो म्हटलं. विचार करायला वेळही मागितला नाही. पहिली टाळी छायाने वाजवली. त्याच आठवड्यात मी नवं पत्रक काढलं — 'मुलींनो, पुढे या!'

दोन नवरात्रं झेंडा माझ्या हातात. पहिल्या वर्षी छाया रांगेच्या शेवटी चालली. दुसऱ्या वर्षी आली नाही. कामाला जाते त्या दुकानातून सुटी मिळत नाही, असं कळवलं. मला ते खरं वाटलं नाही, तरी मी तिच्या घरी गेले नाही. हेही तिला तोंडावर सांगत नाहीये, छापून सांगते आहे. म्हणजे भित्री मी अजूनही आहेच.

माफी मागत नाही. झेंडा काल काकूंच्या घरी ठेवून आले. या महिन्यात जत्थ्याची बैठक आहे. हे पत्रक मी फक्त मुर्रीत वाटते आहे, म्हणजे हे वाचणारे तुम्ही मुर्रीचेच असणार. तेव्हा बैठकीला या, कोणी माझं नाव घेतलं तर उभं राहून 'नाही' म्हणा, आणि त्याआधी छायाच्या घरी जाऊन तिला बोलावून आणा.