चूक अंगावर घेण्याची आईची खोड

खो-खोच्या प्रशिक्षकांसाठी घोडबंदर रोडला शिबिर होतं. ट्रॅफिकमध्ये दोन तास कुजून पोहोचले, तर हातात फॉर्म: 'नेतृत्व कोणाकडून शिकलात?' सगळ्यांनी मुकाट्याने 'आईवडील' लिहिलं. मीही लिहिलं. शुद्ध थाप होती. आईच्या ज्या खोडीने माझं डोकं फिरायचं तिला नेतृत्व म्हणतात, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

आई डोंबिवलीत आमच्या दोन खोल्यांत दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घ्यायची. हाताखाली आठ-दहा बायका. एका वर्षी अनारसे हसले, घाणाच्या घाणा तुपात फुटून पसरला. समोरच्या काकूंनी गूळ जास्त घातला होता, मी डोळ्यांनी पाहिलं होतं. आई मात्र सगळ्यांसमोर म्हणाली, "माझंच चुकलं गं. पीठ मी बघितलेलं." काकू गुपचूप उठून तांदळाची पिठी चाळायला बसल्या. मी नंतर आईशी भांडले, तर म्हणे, "काम कोणाच्या हाताखाली चाललंय? माझ्या. मग चूक कोणाची?" असल्या बाईशी काय वाद घालणार!

आपण असं बावळट व्हायचं नाही, हे मी तेव्हाच ठरवलं. झालेही नाही. मैदानावर मी ओरडले की रस्त्यापलीकडच्या वडापाववाल्याला ऐकू जातं.

गेल्या महिन्यात ठाण्यात सामना होता. शेवटचे वीस सेकंद, आमची एकच मुलगी नाबाद. दिव्याहून लोकलने येणारी, संघात सगळ्यात चपळ. तेवढे वीस सेकंद तिने काढले असते तर जिंकलोच होतो. पाठलाग करणारी तिच्या अंगावर येताना दिसली आणि मी ओरडले, "मागे! मागे सर!" ती सरली. दोन्ही पाय रेषेबाहेर. बाद. हरलो, आणि मी तिला अख्ख्या संघासमोर झाडलं. "रेषा दिसत नाही? डोळे घरी ठेवून आलीस?"

तिने बूट काढले आणि निघून गेली. दुसऱ्या दिवसापासून सरावालाही आली नाही. रविवारी जिल्ह्याच्या संघाची निवड होती, आणि पुढच्या वर्षी ती वयात बसणार नव्हती. म्हणजे हीच शेवटची संधी.

आईला सांगितलं. तिने लसूण सोलता सोलता विचारलं, "मागे सर कोण म्हणालं?" बस, एवढंच. इतका संताप आला! सत्तरी उलटली तरी या बाईला नेमकं तेच विचारायचं असतं.

शनिवारी चरफडतच दिव्याला गेले. मुलगी इमारतीच्या जिन्यात कळशी घेऊन पाणी यायची वाट बघत होती. मी सरळच म्हटलं, "चूक माझी होती. मागे सर मीच म्हणाले."

"माहितेय, मॅडम."

"मग उद्या येशील ना?"

तिने कळशी खाली ठेवली. "ओरडलात तेव्हा सगळ्या होत्या. आता इथे कोणीच नाहीये."

 मी म्हणाले, "उद्या सगळ्यांसमोर सांगते."

"सांगा," ती म्हणाली. "मग मी बूट घालते."