पाण्याला वाट

नवा टायर बसवून झाला, की उत्तमनाना त्यावर तांब्याभर पाणी ओतत. गिऱ्हाइकांना ती पूजा वाटे. कुणी नकळत हातही जोडत. नाना मात्र उकिडवे बसून पाणी कुठून कसं जातं ते बघत. ते खाचांमधून झरझर उतरलं, की मान हलवून म्हणत, "पाणीले वाट दी, तं तुले वाट भेटी." पाण्याला वाट दे, म्हणजे तुलाही वाट मिळेल.

जळगावात महामार्गाच्या कडेला त्यांचं पत्र्याचं दुकान होतं. मूळचे ते दोंडाईच्याकडचे. चाळीस वर्षं शहरात काढली तरी बोलणं अहिराणीच, मग समोर डॉक्टर असो की ट्रकचा क्लीनर. टायर चांगला की वाईट, हे ते अंगठ्याचं नख रबरात रुतवून सांगत. कंपनीचं नाव नंतर वाचत, आणि तेही वाचायचं म्हणून.

मला त्यांच्याकडे नेलं ते सुहासने, माझ्या धाकट्या भावाने. मी महाविद्यालयात ग्रंथपाल. गाड्यांतलं मला काही कळत नाही. सुहासने अनेक वर्षं पैसे साठवून एक जुनी स्पोर्ट्‌स कार घेतली होती. लाल, बुटकी, दोनच माणसांची. नाना तिच्याभोवती एक फेरी मारून आले.

"दोनच जन बसतस?"

"दोनच, नाना."

"मंग लगीन कर, बायको बसाड. पन पोऱ्या व्हयना तं त्याले कोठे बसाडशी? टपवर?"

"त्याला तुमच्याकडे ठेवीन, नाना. पंक्चर काढायला."

तेव्हापासून दोघांचं जमलं. सुहास त्यांच्याशी मोडकीतोडकी अहिराणी बोलायचा आणि नाना त्याच्या चुका न हसता दुरुस्त करायचे.

पुण्याकडे गाड्यांच्या शर्यतीचा एक ट्रॅक आहे. वर्षातून दोन-तीनदा तिथे कुणीही आपली गाडी घेऊन जावं, दिवसभर मनासारखी पळवावी आणि तीच चालवत घरी यावं. सुहास जाऊ लागला. मग टायरचा प्रश्न निघाला. ट्रॅकचे खास टायर मऊ असतात, खाचा अगदी थोड्या; तापले की रस्त्याला चिकटून राहतात. रस्त्याचे टायर खोल खाचांचे, ट्रॅकवर थोडे मागे पडणारे. दोन जोड ठेवावेत तर गाडीत चार टायर न्यायला जागा नाही. म्हणजे एकाच जोडावर जाणं, पळवणं आणि परत येणं.

"दादा, तू वाच आणि सांग," सुहास म्हणाला. लहानपणापासून त्याचं हेच. माझ्या वाचनावर त्याचा माझ्यापेक्षा जास्त विश्वास होता.

मी महिनाभर वाचलं. परीक्षणं, तक्ते, एका फेरीत किती सेकंद वाचतात याचे आकडे. वही भरली. ती घेऊन आम्ही नानांकडे गेलो. नानांनी वही हातात घेतली नाही.

"वरीसमा दोन दिवसनं लगीन," ते म्हणाले, "आनि बठ्ठं वरीस नवरदेवना बूट घालीसन फिराना का? रस्तानाच टायर ले, भाऊ. थोडा मांगे ऱ्हाशी. पन घर येशी."

सुहास घुटमळला. "नाना म्हणतात तेच घेऊ का, दादा?"

त्याने तसं विचारलं होतं. हे मला लिहून ठेवायचं आहे.

मी म्हणालो, "पावसाळ्यात ट्रॅक बंदच असतो. तू कोरड्यातच जाणार. मग पाण्याची भीती कशाला? ट्रॅकचेच घे."

"पाऊस कॅलेंडर वाचस का, सर?" नाना म्हणाले.

मी हसलो. मला ते वाक्य आवडलं होतं. घरी गेल्यावर वहीत टिपूनही ठेवलं. सुहासने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "दादा म्हणतो तेच मागवा, नाना."

आठवड्याने टायर आले. नानांनी बसवले आणि सवयीने पाणी ओतलं. ते खाचांतून उतरलं नाही. पसरलं आणि त्यांच्याच पायांवर सांडलं. त्यांनी उपरण्याने टायर पुसून कोरडा केला. काढलेल्या जुन्या टायरांवर खडूने 'सुहास' लिहून ते मागे भिंतीला लावून ठेवले. "मन बदलनं तं ये," एवढंच म्हणाले.

नोव्हेंबरात सुहास ट्रॅकवर गेला. दुपारी त्याचा फोन आला, आजवरची सगळ्यात चांगली फेरी लागली होती. परतताना कन्नडच्या घाटात अवकाळी पाऊस होता. टायर फुटला नव्हता, ब्रेकही शाबूत होते. गाडी पाण्यावरून घसरली.

गावात बोललं गेलं की उत्तमनानांनी चुकीचे टायर लावले. तेराव्याला नाना आले. आई बाहेर आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "तुम्ही जाणते होतात. माझ्या पोराला असे टायर लावून दिलेत?"

नानांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. मग हात जोडून म्हणाले, "हां अक्का. टायर मीच बसाडात."

मी दारापाशी उभा होतो. मी बोललो नाही.

चार दिवसांनी दुकानात जाऊन विचारलं, "नाना, तुम्ही खरं का नाही सांगितलंत?"

ते ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होते. मान वर न करता म्हणाले, "तिना एक आंडोर गया, सर. दुसरा मी कसाले लेऊ?"

आंडोर म्हणजे मुलगा. आमचं घर मूळचं फैजपूरकडचं. आमच्याकडे हा शब्द नाही. पण तो मला समजावून सांगावा लागला नाही.

त्यानंतर पाच वर्षं नानांनी तो बोल सोसला. मोटारवाले दुसरीकडे जाऊ लागले. उरले ते ट्रॅक्टर आणि केळीचे टेम्पो. त्यांच्याही टायरांवर नाना पाणी ओतत राहिले. मी त्या रस्त्याने जाणं सोडलं.

गेल्या महिन्यात नाना गेले. दहाव्याला गेलो. दुकान उघडं होतं. मागच्या भिंतीशी चार टायर तसेच होते. खडू पुसट व्हायला हवा होता; झाला नव्हता. कुणीतरी ते नाव पुन्हा पुन्हा गिरवलं होतं.

घरी आलो. आई मेथी निवडत बसली होती. मी समोर बसून सगळं सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"नाना तेव्हा काय म्हणाले होते?" तिने विचारलं.

"पाऊस कॅलेंडर वाचतो का, म्हणाले."

"आणि तू?"

"हसलो."

तिने जुडीतली पुढची काडी उचलली, पानं खुडली, देठ बाजूला टाकला. जुडी संपेपर्यंत ती तिथेच बसली होती.

त्याला आता तीन आठवडे झाले. ती मला दोन्ही वेळ गरम वाढते. आधी समोर बसायची, भाजीत मीठ बरं आहे का विचारायची. आता ताट ठेवते आणि आत जाते. नानांनी पाच वर्षं तिच्यासाठी राखून ठेवलेला आंडोर मी एका दुपारी घालवला. मी जेवतो, ताट उचलतो, मोरीत नेऊन धुतो. पाणी बराच वेळ वाहत राहतं.