शिमोन नानांची पंगत

शिमोन नाना गेल्याचं धुळ्याहून त्यांच्या मुलीनं फोन करून कळवलं, त्याला आता महिना होत आला. रिसीव्हर ठेवला आणि मी बायकोवरच खेकसलो, "या माणसाला जायची एवढी काय घाई होती!" दुःख झालं की मला आधी रागच येतो... नाना असते तर हसले असते.

जळगावच्या शाळेत ते इतिहास शिकवायचे, मी गणित. ते धरणगावचे ख्रिस्ती; मी असोद्याचा, सकाळी मारुतीला पाणी घालून शाळेत येणारा. नव्वदनंतरचे दिवस, वातावरण तापलेलं. वक्तृत्व स्पर्धेचा विषय होता, राष्ट्र कशानं बनतं? परीक्षक म्हणून नाना बोलायला उठले, तर पहिल्या रांगेतून आमचे संस्थाचालक दादासाहेब मोठ्यानं म्हणाले, "सर, तुमचं राष्ट्र वेगळं. तुम्ही नका सांगू." मी ताडकन उठलो, पण नानांनी नजरेनंच खाली बसवलं.

पुढच्या रविवारी चर्चमध्ये सुगीचा सण होता. पहिलं पीक वेदीपुढं ठेवायचं, मग अंगणात त्याचा लिलाव. नानांच्या चर्चच्या मंडळीत रीत अशी की, लिलावात घेतलेली वांगी कुणी घरी न्यायची नाहीत. तिथंच कपाशीच्या वाळक्या काड्यांवर भाजायची, लाकडी बडगीत ठेचून भरीत करायचं आणि आल्यागेल्या सगळ्यांनी एका पंगतीत खायचं. नाना त्याचं आमंत्रण घेऊन निघाले ते थेट दादासाहेबांकडे! मंडळीतले वडीलधारे बिथरले. मीही ओरडलो, "अहो, त्यानं तुम्हाला देशातून काढलं!"

"काढू दे. मी तेले नही काढसू," नाना धरणगावच्या बोलीवर आले. "तो बी मनाच देशना शे." मग सावकाश म्हणाले, "तोही माझ्याच देशाचा. अरे, रक्तानं नि देवानंच देश होत असता, तर वैऱ्यावर प्रेम करा असं आमच्या प्रभूनं कशाला सांगितलं असतं? नकोसा माणूससुद्धा ज्या पंगतीत बसू शकतो, तो देश. मी पंगत मांडणार. यायचं की नाही, ते त्यानं ठरवावं."

दादासाहेब आले नाहीत. नाना मात्र दरवर्षी आमंत्रण घेऊन त्यांच्याकडे जात राहिले. निवृत्त होऊन धुळ्याला गेल्यावरही एसटीनं येऊन. मी बाहेर फटफटीवर धुमसत बसायचो. त्या घराचा उंबरा ओलांडायचा नाही, असं मी ठरवूनच टाकलं होतं.

या रविवारी पुन्हा सुगीचा सण आहे. काल मी गेलो. दादासाहेबांनी चष्मा सावरून पाहिलं. "नाना तर गेले," ते म्हणाले. "आता त्या लोकांचं आमंत्रण घेऊन तू कसा आलास?"

माझा आवाज चढलाच. "वांगी माझ्या वावरातली आहेत, दादासाहेब, आणि बोलावणं माझं आहे. नाही आलात, तर पुढच्या वर्षी परत येईन."