मिडीच्या बरणीवरचा गोळा

त्या सकाळी नळाला पाणी यायचा वार नव्हता, नवऱ्याला डबा नको होता आणि जयनगरच्या मैदानात क्रिकेटवाली पोरंही अजून जमलेली नसणार होती. अशी सकाळ श्रीविद्याला महिन्यातून एखादीच मिळायची. आणि नेमका गोळाच जागेवर नव्हता.

कॉलेजात गोळाफेकीत ती विद्यापीठाकडून खेळलेली. मग लग्न, यशवंतपूरची बँक, पोरंबाळं. चाळिशी उलटल्यावर पुन्हा सुरुवात केली. किती वेळा केली ते विचारू नये. सुरुवात करायला काय लागतं? नवे बूट आणले की झाली. घोडं अडायचं ते पुढे. कधी टाकी भरेपर्यंत मोटरीपाशी उभं राहा, कधी पाहुणे, कधी ऑडिट. आठवडाभर खंड पडला की लोखंडी गोळा दाराआड जायचा आणि त्याच्यावर छत्र्या-पिशव्या चढायच्या. या वेळी मात्र तिनं प्रौढांच्या राज्य स्पर्धेत नाव दिलं होतं. स्पर्धा पंधरवड्यावर आली आणि येलहंक्याच्या एका लग्नापायी मागचा आठवडा सगळा बुडाला. आज गेले नाही तर पुन्हा जाणार नाही, हे ती ओळखून होती.

दाराआड नुसत्या छत्र्या.

"अहो, माझा गोळा पाहिलात?"

"संध्याकाळी नवा घे की," रघुनंदन पेपरातून म्हणाला. "आजच्या दिवस स्वल्प अ‍ॅडजस्ट कर."

संध्याकाळी! मेट्रोत उभ्यानं घरी येणारी बाई खेळाच्या सामानाच्या दुकानात जात नाही, भाजी घेऊन सरळ घर गाठते.

ती स्वयंपाकघरात शिरली. कोपऱ्यात पाटावर मिडीची बरणी होती. सासूबाई, कृष्णाबाई, दरवर्षी मिडी, म्हणजे कोवळ्या कैऱ्या, मिठात घालत. वर लाकडी झाकण, झाकणावर वजन. कैऱ्या सुरकुतेपर्यंत ते हलवायचं नाही आणि सोवळ्याशिवाय कुणी शिवायचं नाही. वजनाचा दगड जुन्या घरीच राहिला होता. आज झाकणावर धुतलेल्या पंच्यात बांधलेलं काहीतरी गोल बसलं होतं.

"आई, हा माझा गोळा!"

"हात लावू नकोस! आंघोळ झाली का तुझी?"

"पण तो इथं कसा?"

"चिंचेनं घासून, कढत पाण्यानं धुऊन ठेवलाय."

"एवढं वजन एकटीनं उचललंत?"

"मग काय तुझ्या नवऱ्याला बोलावू?"

"मला मैदानात जायचंय, आई."

कृष्णाबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "जातेस? मला वाटलं सोडलंस. दाराआड गेला ना तो. म्हटलं, कामाला तरी येईल."

बोलण्यात कुजकेपणा नव्हता, म्हणूनच ते झोंबलं. म्हातारी चुकली म्हणावं, तर आजवरचा हिशेब तिच्याच बाजूचा.

"सोडलं नाही. लग्नामुळं खंड पडला," श्रीविद्या म्हणाली. "पंधरा दिवसांनी स्पर्धा आहे. आज नाही गेले तर मात्र सोडलंच समजा."

"स्पर्धा? मग हे आधी सांगायला काय झालं होतं?"

खरंच, काय झालं होतं? पुन्हा सुटलं तर हसं नको, म्हणून तिनं घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. फार शहाणपणा! हसायला कुणी नव्हतं, तसं मदतीलाही कुणी नव्हतं.

"भीती वाटली," ती म्हणाली.

"सरी, ठीक आहे," कृष्णाबाई म्हणाल्या आणि बाहेर हाक मारली, "रघू! आंघोळ करून ये आणि बाल्कनीतला वरवंटा धुऊन आण."

"आत्ता?"

"स्वल्प अ‍ॅडजस्ट कर!"

न्हाऊन ओल्या केसांनी रघुनंदन वरवंटा घेऊन आला. सोवळ्यातल्या कृष्णाबाईंनी गोळा दोन्ही हातांनी उचलून जमिनीवर ठेवला, त्याच्या जागी वरवंटा आडवा केला आणि मिडीला नमस्कार केला. "उद्या पाणी येणार. मोटर रघू बघेल. तू निघ, ऊन चढतंय."

जिना उतरताना श्रीविद्याला केवढं हायसं वाटलं! आता लपवायचं काही उरलं नव्हतं. मैदान अजून मोकळं होतं. एका कडेला दोन म्हातारे फेऱ्या मारत होते, तेवढेच.

पहिली फेक अगदीच जवळ पडली. तिला वाईटसुद्धा वाटलं नाही. आणायला लांब जावं लागणार नाही, एवढंच मनात आलं. गोळा उचलून, हात चड्डीला पुसून ती पुन्हा वर्तुळात उभी राहिली.