भूमिपूजनाची विकतची माती

आमच्या वस्तीच्या वर, सुदुंबऱ्याकडच्या चढावर, बंद पडलेला रंगाचा कारखाना होता. तो पाडून तिथं उंच इमारती बांधायचं एका बिल्डरनं ठरवलं. पाटी लागली, 'निसर्गाच्या कुशीत'. त्या कुशीत गवतसुद्धा धड उगवत नव्हतं आणि पाटीवर मात्र हरणं चरत होती. आमच्या चढावर हरणं!

आम्ही हरकत घेतली. पाया खणला की जमिनीत मुरलेला कारखान्याचा गाळ मोकळा होणार आणि उतारानं थेट वस्तीच्या विहिरीत येणार, एवढी साधी गोष्ट. कचेरीतल्या साहेबांनी अर्ज उलटापालटा करून विचारलं, "पुरावा काय?" जणू आम्ही गाळाचा जन्मदाखला न्यायला हवा होता. मीही तिथं उभा होतो, पण काही बोललो नाही.

भूमिपूजनाचं आमंत्रण मात्र वस्तीला आवर्जून आलं. पेढे खाऊ घातले की आमची तोंडं बंद होतात, असा त्यांचा हिशेब असावा. आम्ही गेलो. मांडव ईशान्येच्या कोपऱ्यात, गुरुजी सोवळ्यात, बिल्डर जरीच्या फेट्यात. एवढ्यात टेम्पो आला आणि त्यातून नर्सरीतल्या लाल मातीची पोती उतरली. पूजेच्या खड्ड्यात ती माती ओतून वर झेंडूची फुलं पसरली.

शेजारची मावशी, सत्तरी उलटलेली, सगळ्यांदेखत म्हणाली, "जिमीन तुमची, मंग माती इकत का आनली वो?"

बिल्डरचा मॅनेजर गोड हसला. "मावशी, इथली चिकट आहे. पाहुण्यांचे हात खराब होतात."

माझं डोकंच फिरलं. जिला हात लावायची यांची तयारी नाही, त्या मातीत दुसऱ्यांची लेकरं खेळवायला निघालेत! मी पूजेसाठी ठेवलेली नवीकोरी कुदळ उचलली आणि मांडवाबाहेर चार पावलांवर घाव घातले. हातभर खाली निळा चिखल लागला. वास सुटला तसे फेटेवाले रुमाल शोधायला लागले. बिल्डरनं तर पेढ्यांचा बॉक्सच नाकाला लावला. इतका आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता.

"नेमकं इथंच आहे, हे तुम्हाला कसं कळलं?" मॅनेजरनं विचारलं.

"मीच पुरलंय," मी म्हणालो. "या कारखान्यात माझी सगळी नोकरी झाली. गाळाची पिंपं मीच इथं उलटी केली. पुरावा पाहिजे होता ना, घ्या!" आणि ऐटीत वस्तीच्या माणसांकडं वळलो.

मावशीनं नाकाला पदरही लावला नव्हता. ती माझ्याकडंच बघत होती.

"तरीच," ती म्हणाली, "इतकी वर्सं तुज्या घरी जारचं पानी येतंय. आमी म्हनायचो, पगारदार झाला म्हून ह्याला हिरीचं चालत न्हाई."

मला तिच्याकडं बघवेना. तिच्या घरी आजही विहिरीचंच पाणी भरलेलं होतं.